आजचा दिवस निघेल एवढं बळ

बावीस दिवसांची रजा संपवून मोठ्या सिस्टर कामावर निघाल्या, तेव्हा नवऱ्याने दारातच विचारलं, "अगं, अजून आठवडाभर थांबलीस तर काय बिघडणार आहे? तिथली बाळं काय तुझ्यासाठी खोळंबून राहणार आहेत का?"

"खोळंबत नाहीत म्हणूनच निघाले," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडे मान वळवून हळू आवाजात म्हणाल्या, "ती उठली तर काहीतरी खायला घाला. विचारत बसू नका. समोर ठेवा आणि तिथंच बसा."

"बसतो. बसण्याचं काम मला चांगलं जमतं," नवरा म्हणाला. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो स्वतःची अशीच थट्टा करायचा. आज त्यावर कुणी हसलं नाही. त्याचीही अपेक्षा नव्हती.

तीस वर्षं त्या एकाच रुग्णालयाच्या प्रसूती विभागात होत्या. तिथे खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे, सगळ्यांच्या त्या मोठ्या सिस्टर. उंचीने त्या सगळ्यांत लहान, त्यामुळे नव्याने आलेल्या मुली "मोठ्या सिस्टर कुठे भेटतील?" असं त्यांनाच विचारायच्या. बाळंत व्हायला आलेली बाई ओरडत असो, शिव्या देत असो, नाहीतर भीतीने गप्प झालेली असो, मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून "झालं गं बाई, झालंच" म्हणाल्या की ती जरा श्वास घ्यायची. ते "झालंच" कधीकधी सहा सहा तास चालायचं.

बावीस दिवसांपूर्वी याच विभागात, दोन नंबरच्या खोलीत, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला मुलगी झाली. आठवा महिना होता. बाळ पोटातच गेलेलं होतं. लेकीला औषधाची गुंगी होती, तरी तिने अर्धवट डोळे उघडून हात पुढे केला होता. मोठ्या सिस्टर मदतीला असलेल्या सिस्टरला म्हणाल्या, "दाखवू नका तिला. बघितलं तर जन्मभर डोळ्यांसमोरून जाणार नाही." आपण हे किती ठामपणे बोललो, ते त्यांना अजून आठवत होतं. कुणी उलट बोललं नाही. त्या बोलल्यावर तिथे कुणी बोलत नसेच.

बाळाला त्यांनी स्वतः पुसलं, झबलं घातलं, दुपट्यात तोंडापर्यंत गुंडाळलं आणि जावयाच्या हातात दिलं. दुपटं बाजूला करायची जावयाला छाती झाली नाही. संध्याकाळी चर्चच्या दफनभूमीत पाळकांनी प्रार्थना केली. सहा दिवसांनी जावई कामावर परत गेला. दूरच्या एका पुलाच्या बांधकामावर तो देखरेखीला होता, त्याहून जास्त सुट्टी मिळाली नाही. लेक आईबापांकडे राहिली. म्हणजे त्या बाळाचा चेहरा पाहिलेलं घरात एकच माणूस होतं.

तिसऱ्या दिवशी लेकीने विचारलं होतं, "आई, कशी होती गं?"

"आता तो विषय नको. तू आराम कर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या.

लेकीने पुन्हा विचारलं नाही. पुढे तर ती फारसं बोलेनाशीच झाली. दूध आलं होतं. ओल्या झालेल्या ब्लाऊजवर टॉवेल धरून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. आठवड्याने ते आटलं, पण तोंड भिंतीकडेच राहिलं.

कामाला लागण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, त्याला तीन मिनिटं लागतात. गेली तीस वर्षं मोठ्या सिस्टरांची प्रार्थना त्या तीन मिनिटांत व्हायची. आज कुणाकुणाची वेळ भरली आहे, कुणाला रक्त चढवायचं आहे, कोण एकटीच आली आहे, सगळं त्या प्रभूच्या कानावर घालायच्या, आणि प्रार्थना संपली की हात धुऊन झाले असं समजायच्या. घड्याळ लागत नसे. आज त्यांनी नळ सोडला, साबण घेतला, आणि मनात म्हणाल्या, "प्रभू, आजचा दिवस..." पुढे काहीच आलं नाही. देवावर त्या रागावल्या होत्या असंही नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती उरली नव्हती. उरलेली दोन मिनिटं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजली.

पहिला तासभर बरा गेला. एका बाईला रात्री जुळी झाली होती, ती दोन्ही कुशीत घेऊन "आता यातलं कुठलं कुठलं?" असं विचारत होती. मोठ्या सिस्टरांनी दोघांच्या पायांतल्या पट्ट्या तपासून दिल्या. येणाराजाणारा त्यांच्याकडे बघून मान खाली घालत होता. तेच त्यांना जड जात होतं.

साडेनऊला एक बाई आली. पडदे शिवणाऱ्या दुकानात ती काम करायची. तिशीच्या आतली, पहिलटकरीण. पहाटेपासून कळा सुरू होत्या. सोबत नवरा होता, ट्रकची चाकं दुरुस्त करणारा धिप्पाड गडी. कितीही घासली तरी त्याच्या नखांतली काळी ग्रीजची रेघ जात नसावी. "कालपासून बाळ हललेलं नाही," ती म्हणाली, "पण शेजारच्या काकू म्हणाल्या, शेवटी शेवटी कमीच हलतं."

नव्या सिस्टरने तिच्या पोटावर ठोके ऐकायचं यंत्र ठेवलं. ही मुलगी तीन महिन्यांपूर्वीच लागली होती. यंत्र इकडेतिकडे सरकवल्यावर ठोके ऐकू आले आणि तिचा चेहरा उजळला. मोठ्या सिस्टरांनी त्या बाईचं मनगट हातात धरलं. यंत्रातला ठोका आणि मनगटातला ठोका एकाच वेळी पडत होता. म्हणजे ते आईचेच ठोके होते. त्यांनी नव्या सिस्टरकडे पाहून 'नाही' अशी किंचित मान हलवली.

डॉक्टरबाई आल्या, सोनोग्राफी केली, पुन्हा एकदा केली. मग खुर्ची ओढून त्या बाईच्या शेजारी बसल्या आणि जे होतं ते सांगितलं. बाईचा नवरा उभ्या उभ्याच भिंतीला टेकला. ती स्वतः रडली नाही. "मग हे दुखतंय कशाला?" एवढंच तिने विचारलं.

बाहेर येऊन डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला लगेच ऑपरेशनला जायचंय. तुम्ही आजच आलायत. तुम्हाला हे नको असेल तर स्पष्ट सांगा, मी दुसरं कुणीतरी बघते."

दुसरं कुणी म्हणजे कोण, हे दोघींनाही ठाऊक होतं. दुसऱ्या अनुभवी सिस्टर आजारी होत्या. नवी सिस्टर दाराशी उभी होती. "मी करते," ती म्हणाली, पण बोलताना तिचे ओठ पांढरे पडले होते. असं बाळंतपण तिने अजून पाहिलंही नव्हतं.

"पाच मिनिटं द्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

त्या चादरींच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. फडताळांत छतापर्यंत चादरी रचलेल्या होत्या. खाली धुण्याच्या गाठोड्यांवर त्या बसल्या. डोळे मिटले.

"प्रभू, मला नाही जमणार," त्या पुटपुटल्या. "खोटं नाही बोलत, तुला दिसतंच आहे. तीस वर्षांत कधी पाय मागे घेतला नाही. आज घेऊ दे. दुसरं कुणीतरी पाठव. कुणीही चालेल."

तेवढ्यात दार उघडलं. मोठ्या सिस्टरांनी डोळे उघडले. समोर आयाबाई उभ्या होत्या. विभागात त्यांची ख्याती अशी की त्या कुठल्याच कामाला वेळेवर सापडत नसत.

"पाच चादरी हव्यात," आयाबाई म्हणाल्या. मग जरा वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही रडताय की चादरी मोजताय?"

"दोन्ही."

"मग तुम्ही रडून घ्या. चादरी मी मोजते." आणि त्या खरंच फडताळाकडे तोंड करून मोजायला लागल्या, पाचच चादरी, पण सावकाश, दोनदा चुकून, पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या सिस्टर तेवढा वेळ रडल्या. मग पदराने तोंड पुसून उठल्या. अंगात बळ वगैरे काही आलं नव्हतं. पण त्या उठल्या होत्या, आणि उठल्यावर आयाबाईंसमोर परत बसणं काही बरं दिसलं नसतं.

"आले मी," त्यांनी नव्या सिस्टरला सांगितलं. "तू माझ्या डाव्या हाताला उभी राहा. मी सांगेन तसं कर. आणि रडू आलं तर येऊ दे, फक्त हात थांबवायचे नाहीत."

निदान खोली दोन नंबरची नव्हती, चार नंबरची होती. साडेतीन तास गेले. "झालं गं बाई, झालंच" असं त्यांच्या तोंडात नेहमीप्रमाणे आलं, आणि त्यांनी ते गिळलं. त्याऐवजी त्या म्हणत राहिल्या, "मी आहे. इथंच आहे." कळ आली की ती बाई त्यांचा हात इतका घट्ट धरायची की अंगठी बोटात रुतायची. मधल्या वेळात तिचं बोलणं चालू होतं. दुकानात एका मोठ्या हॉलच्या पडद्यांचं काम अर्धं राहिलंय. मापं तिच्याच डोक्यात आहेत, लिहून ठेवायला हवी होती. मोठ्या सिस्टरांनी नव्या सिस्टरला कागद आणायला लावला आणि दोन कळांच्या मधे ती मापं लिहून घेतली. त्या खोलीत ती कुणाच्याच उपयोगाची नव्हती, पण बोलणाऱ्या बाईला थांबवायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी बाळ झालं. मुलगा होता. खोलीत जी शांतता पसरली ती मोठ्या सिस्टरांच्या ओळखीची होती. त्यांनी बाळाला पुसलं. हात आपोआप दुपट्याकडे गेले. तोंडापर्यंत गुंडाळायला त्यांनी दुपट्याचं टोक उचललं.

"मला बघायचंय," ती बाई म्हणाली.

"नको गं पोरी..." शब्द तोंडातून निघून गेले होते. मोठ्या सिस्टर थांबल्या. ती बाई कोपरावर रेलून उठायची धडपड करत होती. तिचा हात पुढे आला होता, बोटं जराशी वाकलेली. असाच हात त्यांनी बावीस दिवसांपूर्वी पाहिला होता. त्या वेळी त्या वळून उभ्या राहिल्या होत्या.

"घे," त्या म्हणाल्या, आणि बाळ तिच्या हातात दिलं.

ती किंचाळेल, बेशुद्ध पडेल, असं काहीतरी त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने दुपटं सोडलं. बाळाची बोटं एकेक करून उलगडली, पायाचे तळवे पाहिले, शिवणाची जागा तपासावी तसं मानेमागे बोट फिरवलं. मग कानांवरचं कापड सारलं आणि एकदम हसली. "अगं बाई! कान बघा. ह्यांचेच कान. आता शाळेत सगळ्यांनी ओढले असते." आणि मग ती रडायला लागली.

नवऱ्याला आत बोलावलं. नव्या सिस्टरने त्याला हात धुवायला सांगितले, तर तो बराच वेळ धूतच राहिला. शेवटी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पुरे आता. तुमचंच लेकरू आहे, तुमच्या हातांना काही म्हणायचं नाही." तेव्हा तो आला. तासभर ती दोघं बाळाला घेऊन बसली. मोठ्या सिस्टरांनी कुणालाही आत सोडलं नाही.

मोठ्या सिस्टर घरी निघाल्या, तेव्हा त्या बाईने त्यांच्या गळ्यातल्या बारीक क्रॉसकडे पाहिलं. "तुम्ही प्रार्थना करता ना? माझ्यासाठी करा. मला येत नाही. आणि उद्या सकाळी घरी जाऊन काय करायचं तेही कळत नाही."

मोठ्या सिस्टरांना वाटलं, बाई, आज तू चुकीच्या दुकानात आलीस. सकाळी हात धुताना त्यांच्याने एक वाक्यही पुरं झालं नव्हतं. पण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हे स्वर्गातल्या बापा," त्या म्हणाल्या, आणि आवाज फाटला तरी थांबल्या नाहीत, "ही आई आहे. हिने नऊ महिने बाळ वाढवलं, आज त्याला जन्म दिला आणि डोळे भरून पाहिलं. ते आता तुझ्याकडे आहे. उद्या सकाळी हिला उठायचंय. उठून तोंड धुवायचंय, भेटायला येणाऱ्यांचं बोलणं ऐकायचंय. जन्मभराचं बळ एकदम मागत नाही, ते आम्हाला उचलणारही नाही. आजचा दिवस निघेल एवढं दे. उद्या पुन्हा मागू. प्रभू येशूच्या नावाने मागते. आमेन."

"आमेन," नवरा म्हणाला. त्याला तो शब्द माहीत होता की ऐकून म्हणाला, कोण जाणे.

संध्याकाळी सहाला मोठ्या सिस्टर घरी पोचल्या. पायांना सूज आली होती. नवरा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता. "चार घास खाल्ले," त्याने खालच्या आवाजात सांगितलं. "जावयाचा फोन येऊन गेला. बोलली नाही, नुसतं ऐकलं."

त्या हातपाय धुऊन आतल्या खोलीत गेल्या. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. मोठ्या सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण ते सगळं विसरलं.

"तू विचारलं होतंस," त्या म्हणाल्या. "कशी होती म्हणून. मी सांगितलं नाही."

लेक हलली नाही.

"तुला दाखवू नका, हे मीच म्हटलं होतं. डॉक्टर नाही, दुसरं कुणी नाही. मी. तू हात पुढे केला होतास. मी पाहिलं होतं."

आता लेक वळली. कितीतरी दिवसांनी तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं. "मला वाटलं, ते स्वप्नात झालं," ती म्हणाली. "मी हात पुढे केला आणि कुणी दिलंच नाही. मला वाटलं, मला स्वप्न पडलं." ती उठून बसली. आवाज चढत गेला. "तू कोण ठरवणारी? आई, तू कोण? माझी होती ती! तू परक्या बायकांची बाळं त्यांच्या हातात देतेस आणि माझी..."

नवरा दाराशी आला. मोठ्या सिस्टरांनी हाताने त्याला तिथेच थांबवलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुला त्रास होऊ नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मलाच ते बघवलं नसतं. तू तिला घेतलेलं." लेकीने उशी उचलून भिंतीवर आपटली. मग पुन्हा आपटली. मोठ्या सिस्टर बसून राहिल्या. उठून जावं असं फार वाटत होतं. मनात त्या एवढंच म्हणाल्या, "प्रभू, बसू दे मला." आणि बसल्या.

बऱ्याच वेळाने लेकीने विचारलं, "केस होते?"

"होते. भरपूर. काळे आणि ओले, कपाळावर आलेले. मी बोटाने मागे सारले."

"डोळे?"

"मिटलेले. पापण्या लांब. भुवया अगदी बारीक, पेन्सिलीने काढल्यासारख्या. हनुवटी तुझी. खालचा ओठ जरा पुढे, तू लहानपणी रुसायचीस ना, तसा."

"हात?"

"लांब बोटं. डाव्या हाताची करंगळी वाकडी."

"त्याची पण आहे," लेक म्हणाली. आपल्या नवऱ्याची. मग तिने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि ती रडली. आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो तिने झटकला. मोठ्या सिस्टरांनी हात मांडीवर ठेवला आणि विचारेल ते सांगत राहिल्या. वजन किती, कातडी कशी, झबलं कुठलं घातलं होतं. दाराशी उभा असलेला आजोबा हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होता. तो तिथेच उंबऱ्यावर बसला.

त्यानंतर चार दिवस लेक आईशी बोलली नाही. पण पलंगावरून उठली. नवऱ्याला तिने स्वतः फोन केला आणि दार लावून तासभर बोलली. बापाशी बोलायची, त्याच्या हातचा बिघडलेला भात नावं ठेवत खायची. आई समोर आली की गप्प. मोठ्या सिस्टर रोज कामावर जात, येत, आणि ते सोसत. सोपं नव्हतं. पण आधीच्या बावीस दिवसांपेक्षा झोप बरी लागत होती. रुग्णालयात त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, की यापुढे अशा वेळी आईला विचारल्याशिवाय बाळ बाहेर जाणार नाही. हवं तर मी तसं लिहून देते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लिहून द्या," आणि त्यांनी दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघरात आली. आईकडे न बघता म्हणाली, "करंगळी कुठल्या बाजूला वाकडी होती? आत की बाहेर?"

"आत."

"हं," लेक म्हणाली, आणि चहाचा कप घेऊन समोरच्या खुर्चीवर बसली.

रविवारी जावई आला. उपासनेला यायचं नाही, असं लेकीने आधीच सांगून टाकलं होतं. दफनभूमीत मात्र सगळे गेले. मातीवर अजून काहीच खूण नव्हती. नाव तिने आणि जावयाने फोनवरच ठरवलं होतं, आईबापांना विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. आजोबा एक लाकडी पाटी आणि काळा रंग घेऊन आला होता. तो गुडघ्यांवर बसला, ब्रश रंगात बुडवला आणि थांबला.

"पहिली वेलांटी की दुसरी?" त्याने विचारलं.

"दुसरी," लेक म्हणाली. "बाबा, नात आहे ती तुमची. एवढं तरी यायला हवं."

"मला शिकवायला तूच राहिली होतीस," तो म्हणाला आणि लिहायला लागला. ऊन चढलं होतं. मोठ्या सिस्टरांचे पाय भरून आले, तेव्हा जावयाने त्यांना कुंपणाच्या कट्ट्यावर बसवलं. थोड्या वेळाने लेक येऊन त्याच कट्ट्यावर बसली, मधे हातभर अंतर सोडून. रंग वाळेपर्यंत सगळेच तिथे थांबले.